तळ्याकाठची सायकल-टोळी

नोकरीतल्या पुष्कळ घटना आता पुसट होत चालल्या आहेत, काही तर मी मुद्दाम विसरलो. ही एक मात्र आठवली की आजही जेवताजेवता मध्येच हसू फुटतं आणि बायको विचारते, "पुन्हा त्या सायकली का?"

निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. बेंगळुरूच्या पूर्वेला, महादेवपुऱ्याकडच्या एका पोलीस ठाण्याचा मी इन्स्पेक्टर होतो. या हकिकतीत कोणाचं नाव देत नाही. सगळी माणसं याच शहरात आहेत आणि त्यांपैकी एकीने मला तशी सक्त ताकीद दिली आहे.

आमच्या हद्दीत एका जाहिरात कंपनीने भाड्याच्या पिवळ्या सायकली आणल्या होत्या. कंपनीचा मूळ धंदा होर्डिंगचा. पालिकेशी तिचा करार असा होता, की कंपनीने लोकांसाठी सायकली चालवायच्या आणि त्या बदल्यात प्रत्येक सायकल स्टँडवर आपला दिव्यांचा जाहिरात फलक उभा करायचा. मोबाईलवरून कुलूप उघडायचं, सायकल न्यायची, काम झालं की जवळच्या स्टँडवर लावून टाकायची. मेट्रोतून उतरून आयटी पार्ककडे जाणारी पोरं त्या वापरतील असा सगळ्यांचा अंदाज होता. पोरं काही दिवस हौसेने बसली आणि मग पुन्हा रिक्षा, टॅक्सी. पण सायकली रिकाम्या राहत नव्हत्या. कोण वापरत होतं, याचा विचार त्या वेळी कोणी केला नाही. मीही नाही.

एका सकाळी हजेरी आटोपते न आटोपते तोच कंपनीचे व्यवस्थापक ठाण्यात आले. इस्त्रीचा शर्ट, मृदू बोलणं, हातात फाईल. म्हणाले, "सार, आमच्या सायकली चोरीला जात आहेत. एकदोन नव्हे, स्टँडच्या स्टँड रिकामे होतात."

मी बसायला सांगितलं, कॉफी मागवली आणि तक्रार ऐकून घेतली. ऐकताना एक गोष्ट खटकली. चोरीची तक्रार घेऊन आलेला माणूस सगळ्यांत आधी विचारतो, "माझी वस्तू मिळेल का हो?" मग ती वस्तू मंगळसूत्र असो नाही तर गॅसची टाकी. या गृहस्थांनी ते विचारलंच नाही. त्यांचा प्रश्न होता, "एफआयआरची प्रत आजच मिळेल ना?"

"एवढी घाई?"

"पालिकेला दाखवायची आहे, सार. लोकच चोऱ्या करणार असतील तर आम्ही योजना चालवायची कशी?"

मी तक्रार अज्ञात व्यक्तींविरुद्ध नोंदवून घेतली. मग त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. "अज्ञात कशाला? ही टोळी बघा. आमच्या फलकावरच कॅमेरा आहे."

माझ्या ठाण्यात एक महिला हेड कॉन्स्टेबल होत्या. मंड्याकडच्या, धिप्पाड, सगळ्या हद्दीतल्या गल्ल्या तळहातासारख्या ओळखणाऱ्या. त्यांना मी चित्रीकरण बघायला बसवलं. थोड्याच वेळात त्यांच्या टेबलाकडून हसण्याचा आवाज आला. मी उठून गेलो.

पडद्यावर पहाटेचा उजेड होता. पाच-सहा बायका एका स्टँडवरून सायकली काढत होत्या. कोणी साडीत, कोणी नाइटीवर शाल घेतलेली. एकीने सायकलवर टांग टाकली आणि सायकलीसकट आडवी झाली. बाकीच्या तिला उचलायचं सोडून पोट धरून हसत होत्या. मग पडलेलीही हसायला लागली.

"सार," हेड कॉन्स्टेबल डोळे पुसत म्हणाल्या, "मी पुष्कळ चोर बघितले. चोरी करताना इतकं हसणारं कोणी बघितलं नाही."

मलाही ते पटलं. पण तपास पटण्यावर चालत नाही. शोधून काढायला हवं होतं.

त्या आधीच भलतंच घडलं. संध्याकाळपर्यंत तेच चित्रीकरण आजूबाजूच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरू लागलं. पडण्याचा आणि हसण्याचा भाग कापलेला. खाली मजकूर, "सायकल चोर महिला टोळी, सावध राहा." एका बाईचा चेहरा त्यात अगदी स्पष्ट दिसत होता. व्यवस्थापकांना फोन केला, तर म्हणाले, "ऑफिसातल्या कोणीतरी पाठवलं असेल, सार. पण बरंच झालं ना? लवकर सापडतील."

हेड कॉन्स्टेबलनी चित्रातला स्टँड ओळखला होता. आमच्या हद्दीतल्या तळ्यामागच्या मैदानाजवळचा. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या सुमारास आम्ही दोघं साध्या वेशात तिकडे गेलो. मी मुलाचा जुना ट्रॅकसूट आणि कानटोपी घालून फिरायला आलेल्या माणसासारखा हात हलवत चालत होतो. हेड कॉन्स्टेबल माझ्याकडे बघायचं टाळत होत्या.

मैदानावर शाळाच भरली होती. दहा-बारा बायका आणि मोजक्याच पिवळ्या सायकली. कोणी गार्मेंट कारखान्यात जाणारी, कोणी आयटी पार्कमध्ये साफसफाई करणारी, डब्याच्या पिशव्या एका झाडाखाली ओळीने ठेवलेल्या. मधोमध एक साठीच्या पुढच्या बाई, साडीवर पांढरे बूट, कपाळावर घाम, सायकलचं हँडल दोन्ही मुठींत आवळून धरलेलं. त्यांच्या मागे कॅरिअर पकडून एक चाळिशीची सडसडीत बाई धावत होती आणि कन्नडमध्ये ओरडत होती, "मुंदे नोडी, काकू, मुंदे!" म्हणजे पुढं बघा. आणि पुढच्या बाई शुद्ध नागपुरी मराठीत किंचाळत होत्या, "सोडू नको वं, सोडू नको!"

एकीला दुसरीचं अक्षर कळत नव्हतं. मला दोघींचं कळत होतं, त्यामुळे मी हसत तिथंच उभा राहिलो आणि सायकल सरळ माझ्या अंगावर आली.

"अहो, बाजूला व्हा ना! दिसून नाही राहिलं का?" काकू माझ्यासकट गवतावर पडल्या.

मी उठता उठता म्हणालो, "लागलं नाही ना तुम्हाला? स्वल्प थांबा, साडी चेनमध्ये अडकली आहे."

काकू डोळे मोठे करून बघत राहिल्या. "तुम्ही मराठी? इथं?"

"आमचं घर कित्येक पिढ्या इथलंच. शहाजीराजांच्या काळात आलेलं."

"मग असं काहून बोलून राहिले? एखादा कानडी माणूस मराठी शिकला असा!"

इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणी मला इतक्या चटकन उघडं पाडलं नव्हतं. हेड कॉन्स्टेबलना अर्थ विचारावा लागला नाही. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना समजलं.

मग मी ओळखपत्र काढलं आणि सगळा हशा जागच्या जागी थांबला.

काकू मुलाकडे राहायला आल्या होत्या. मुलगा आणि सून दोघं आयटीत, दिवसभर घराबाहेर. इथली भाषा येत नाही, रिक्षावाल्याशी बोलता येत नाही, म्हणून त्या बाराव्या मजल्यावर बसून होत्या. त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईने, म्हणजे याच कॅरिअर धरून धावणाऱ्या अक्काने, एकदा खुणेने विचारलं, सायकल शिकता का? अक्काला स्वतःला येत होती. तीन घरचा स्वयंपाक ती पिवळ्या सायकलवर फिरून करायची. काकूंनी सूनबाईकडून मोबाईलवर ते अ‍ॅप घेतलं, भाजीच्या अ‍ॅपबरोबर. मुलाला मात्र काही सांगितलं नव्हतं.

"साहेब, त्याला फोन नका करू," त्या म्हणाल्या. "तो घाबरेल. मग मला घरीच ठेवेल. चांगला आहे हो पोरगा, पण ठेवेल."

अक्का पडलेली सायकल उचलत होती. तिच्याकडे बघितलं तेव्हा लक्षात आलं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा चेहरा तिचा होता.

"तुम्हाला कळलं आहे?" मी कन्नडमध्ये विचारलं.

"कळलं, सार. काल दोन घरांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नको. एका घरच्या मुलीला पहिला भात मी भरवला होता." तिने आवाज चढवला नाही. "त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही."

"मी विचारतो. सायकली कुठं जातात?"

"आम्ही जिथून काढतो तिथं परत लावतो, सार. मग टेंपो येतो आणि घेऊन जातो. कंपनीचाच टेंपो. टपावर शिडी असते, आत होर्डिंगची फ्लेक्स असते. आम्हाला वाटायचं दुरुस्तीला नेत असतील. पण नेलेली एकही परत येत नाही. आधी सगळ्यांना मिळायच्या, आता पाळीपाळीने शिकतो."

बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. टेंपो सगळ्यांनी बघितला होता. पोलिसाला खबर बहुतेक वेळा चहाच्या टपरीवर नाही तर पानाच्या गादीवर मिळते. ही मला कमरेला गवत चिकटलेल्या अवस्थेत मैदानावर मिळाली.

मी त्यांना एवढंच सांगितलं, शिकणं चालू ठेवा. काही बदललं आहे असं दाखवू नका.

ठाण्यात परत आलो तर वरिष्ठांचा फोन. व्यवस्थापक त्यांच्यापर्यंत पोचले होते. "बाईचा चेहरा स्पष्ट दिसतो म्हणतात. अटक का नाही?"

"सार, थोडा वेळ द्या. चोर दिसतो तो नाही, असं वाटतं."

"वाटतं?"

"खात्री आहे, सार. पुरावा आणतो."

"सरी, आणा," म्हणजे बरं, आणा, असं ते म्हणाले. भले अधिकारी होते.

त्यानंतर आमच्या हेड कॉन्स्टेबल रोज सकाळी सायकल शिकायला जाऊ लागल्या. त्यांना सायकल उत्तम येत होती. न येण्याचा अभिनय करताना त्या दोनदा खरोखर पडल्या. टेंपो काही दिवस आला नाही. मग एका सकाळी आला, पण त्या दिवशी सायकली बायकांकडे होत्या, म्हणून सायकलींशिवायच निघाला. हेड कॉन्स्टेबलनी तो पुढच्या वळणावर थांबवला आणि चालकाला ठाण्यात आणलं.

चालक पन्नाशीचा, गरीब चेहऱ्याचा माणूस होता. आरडाओरडा केला की माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस तुम्हाला हवं ते सांगतो. ते खरं असतंच असं नाही. म्हणून मी त्याला इडली-वडा खायला घातला, कॉफी पाजली, गाव विचारलं, पोराबाळांची चौकशी केली. तो सगळं सांगत होता. टेंपोत काय नेतोस विचारलं की एकच उत्तर.

"फ्लेक्स, सार. फक्त फ्लेक्स."

"आत्ता काय आहे?"

"फ्लेक्सचेच रोल आहेत, सार. जुने. उतरवलेले."

"सायकली कधी नेल्यास?"

"नाही, सार. फक्त फ्लेक्स."

मी शिपायांना म्हटलं, रोल उलगडा.

ठाण्याच्या आवारात पहिला रोल उलगडायला लागला आणि संपेचना. दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात होती. आधी नवरीचा हार आला, मग हनुवटी, मग हसणारे ओठ. जीपच्या चाकापासून वडाच्या पारापर्यंत नवरीच नवरी. पासपोर्टच्या चौकशीला आलेली माणसं रांग सोडून बघायला आली. लॉकअपमधला एक जण गजांतून विचारत होता, काय चाललं आहे. चित्रात काही नव्हतं. चालक निवांत होता.

"आता उलटी करा," मी म्हटलं.

पाठीच्या पांढऱ्या बाजूवर टायरचे ठसे होते. एकाशेजारी एक, एकावर एक, आणि त्यांच्यामधून चेनच्या काळ्या वंगणाच्या रेघा. सायकली टेंपोत आडव्या टाकायच्या आणि वरून फ्लेक्स पांघरायची, असं चाललेलं होतं.

चालक पायरीवर बसला. मग म्हणाला, "सार, अजून एक कॉफी मिळेल?"

कॉफीबरोबर सगळं बाहेर आलं. व्यवस्थापकांचाच हुकूम होता. हेब्बाळच्या पुढे कंपनीचं एक पत्र्याच्या कुंपणाचं आवार होतं, जुने होर्डिंगचे सांगाडे ठेवायचं. सायकली तिथं जात होत्या.

त्याच दुपारी पंच घेऊन आम्ही तिथं पोचलो. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. आत गंजलेल्या लोखंडी चौकटी आणि जमिनीवर पसरलेल्या फ्लेक्स. बिस्किटं, फ्लॅट, बूट, पुढाऱ्यांचे वाढदिवस. एका शिपायाने एका पुढाऱ्याच्या शुभेच्छांचा कोपरा उचलला आणि खालून पिवळाधमक रंग उसळून आला. सगळ्या सायकली तिथं होत्या. धड, चालू, काहींच्या सीटवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं.

कोणीतरी एक घंटी वाजवली. लगेच दुसऱ्याने वाजवली. मग काय, सगळे शिपाई घंट्या वाजवत सुटले. महाराष्ट्रात ज्याला पंचनामा म्हणतात त्याला आमच्याकडे महजर म्हणतात. तो लिहायला बसलेला लेखनिक ओरडत होता, "अरे, मला ऐकू तर येऊ द्या!" मी त्यांना थांबवायला हवं होतं. पण माझाच अंगठा एका घंटीवर होता.

व्यवस्थापकांना बोलावून घेतलं. आधी म्हणाले, सायकली दुरुस्तीसाठी आणल्या आहेत. मी विचारलं, मग चोरीची तक्रार कशाची? ते फाईल उघडून बसले, पानं उलटली आणि मिटली. थोड्या वेळाने खुर्चीत मागे रेलले आणि खरं बोलले.

"सार, फलक उभा केला की उभा राहतो. त्याला पंक्चर होत नाही, त्याचा ब्रेक तुटत नाही, त्याच्यासाठी कोणी फोन करून ओरडत नाही. या सायकलींनी जीव नकोसा केला होता. चोऱ्या होतात असं दिसलं असतं तर पालिकेने सायकली बंद करायला परवानगी दिली असती. फलक राहिले असते. कंपनीत माझं नाव झालं असतं."

"आणि त्या बायका?"

"त्या कोण, मला ठाऊकही नाही, सार. कॅमेऱ्यात दिसल्या."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, द्वेष नव्हता. नोकरीत मला शिव्या देणारे गुन्हेगार पुष्कळ भेटले. हे वाक्य त्या शिव्यांपेक्षा जास्त लागलं. खोटी तक्रार आणि विश्वासघात, दोन्ही कलमं लावून मी त्यांना अटक केली.

पुढचं काम मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं. रविवारी सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना एकत्र बोलावलं आणि गणवेशात उभा राहून सांगितलं, की ज्या बाईंना तुम्ही चोर म्हटलं त्यांच्या सांगण्यावरून चोर सापडला. ज्या गटांवर ते चित्रीकरण फिरलं त्याच गटांवर हे फिरलं पाहिजे, आजच. एकाने विचारलं, जबरदस्ती आहे का? मी म्हटलं, विनंती आहे, पण मी इथं बसून वाट बघतो. सगळ्यांनी फोन काढले.

अक्काला दोन्ही घरांतून बोलावणं आलं. मी म्हटलं, जीपमधून सोडतो. ती म्हणाली, "जीप नको, सार. पुन्हा काही झालं असं वाटेल लोकांना." एका घरी ती गेली, त्या लहान मुलीसाठी. दुसऱ्या घरी तिने नको म्हणून सांगितलं. हेड कॉन्स्टेबलनी हे मला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा तितक्याच आनंदाने.

जप्त केलेला मुद्देमाल खटला संपेपर्यंत ठाण्याच्या आवारात पडून राहतो. गाड्यांमधून झाडं उगवलेली मी बघितली आहेत. या सायकलींचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. न्यायालयात अर्ज केला, छायाचित्रं जोडली आणि सायकली पालिकेच्या ताब्यात द्यायला परवानगी मिळवली. पालिकेने कंपनीला बजावलं, फलक हवे असतील तर आधी सायकली स्टँडवर. कंपनीने दुसरा माणूस नेमला आणि सायकली धुऊनपुसून परत लागल्या.

ज्या सकाळी त्या तळ्याच्या स्टँडवर आल्या, त्या सकाळी आम्ही निम्मं ठाणं तिथं होतो. बंदोबस्त म्हणून. बंदोबस्ताची काही गरज नव्हती. बायका आल्या होत्या, त्यांच्याबरोबर कारखान्यातल्या आणखी मैत्रिणी आल्या होत्या. काकूंनी मुलाला बोलावलं होतं, कशासाठी ते न सांगता. तो पाठीवर लॅपटॉपची पिशवी लावून, झोपेतून उठलेला, माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मला गणवेशात बघून घाबरला. "सर, आईला काही झालंय का?"

"तुम्हीच बघा," मी म्हटलं.

काकू सायकलवर बसल्या. अक्का शेजारून आपल्या सायकलवर निघाली. मैदानाची एक फेरी झाली. मुलाचं तोंड उघडं पडलं. त्याने पिशवी माझ्या हातात दिली आणि "आई, हळू! आई, पडशील!" करत मागे धावत सुटला. काकूंनी दुसरी फेरी घेतली नाही. मैदानाच्या फाटकातून त्या सरळ रस्त्याला लागल्या.

"अगं, कुठे चाललीस?" तो ओरडला.

मागं न बघता काकूंनी उत्तर दिलं, "बाजारात! पालक आणते!"

त्यांच्यामागे अक्का, अक्कामागे बाकीच्या, सगळी पिवळी रांग फाटकातून बाहेर पडली. मुलगा कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिला. हसत होता की रडत होता, मला नक्की सांगता येणार नाही. मी त्याला पाणी दिलं.

आमच्या खात्यात गुन्हा उघडकीस आला, आरोपपत्र गेलं की आमच्या दृष्टीने काम संपतं. गेलेली वस्तू मालकाला परत दिली, सही घेतली, पुढची फाईल. इतकी वर्षं मी वस्तूच परत देतो आहे असं समजत होतो. त्या सकाळी लक्षात आलं, की वस्तूबरोबर माणसाचं अर्धवट थांबलेलं काहीतरी पुन्हा सुरू होतं. बहुतेक वेळा ते घराच्या आत सुरू होतं आणि पोलिसाला बघायला मिळत नाही. मला एकदा भर रस्त्यावर, उन्हात, घंट्या वाजवत जाताना बघायला मिळालं. दिसेनासं होईपर्यंत मी बघत राहिलो, आणि मग निम्म्या ठाण्याला म्हटलं, चला, ड्युटीवर.